जत्रेतले दारूकाम: कोणत्या रात्री, कोणत्या गावात आणि कसे?

शाळांना सुट्ट्या लागल्या, की पुण्या-मुंबईची पोरे शिरूर-दौंडकडे मामाच्या गावी उतरतात आणि दोन दिवसांत एकच भुणभुण सुरू होते: दारूकाम कधी आहे? मामा सांगतो, "आष्टमीला." म्हणजे किती तारखेला? मामा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसतो. शेजारच्या गावचे कधी? "त्यांचं पुनवेला झालं की. नदीपल्याडच्यांचं आखितीला." उत्तर अगदी बरोबर असते, पण शहरातून आलेल्या पोराच्या हाती त्यातून काही लागत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांना ही पंचाईत नसते. तिथे ४ जुलै ठरलेला, गावातले तळे किंवा बाग ठरलेली. सतरंजी घेऊन जायचे आणि अंधार पडायची वाट बघायची. तळी शिरूर-दौंडकडेही आहेत. घोड नदीवर चिंचणीचे धरण आहे, सोलापूर रस्त्यालगत वरवंडचा तलाव आहे. पण तळ्याकाठी दारूकाम करण्याची रीत इकडे नाही. इथे शोभेची दारू उडते ती देवाच्या दारात, जत्रेच्या रात्री, पालखीचा छबिना निघाला की. त्यामुळे ती बघायची असेल, तर आधी देवाचा दिवस शोधावा लागतो.

देव तारीख पाळत नाही

गावोगावच्या जत्रांचा हंगाम गुढीपाडव्यानंतर लागतो आणि वैशाखभर चालतो. रब्बी निघालेली असते, खरिपाला अवकाश असतो, हातात थोडे पैसे असतात, रात्री उघड्यावर बसण्याजोग्या असतात. जिथे ग्रामदैवत मारुती, तिथे बहुधा चैत्र पौर्णिमा. भैरवनाथाच्या अनेक गावांत चैत्र वद्य अष्टमी. शिरूरच्या शेजारी, कुकडीच्या काठावर निघोज आहे. रांजणखळग्यांसाठी ते शाळेच्या सहलींना ठाऊक असते. तिथल्या मळगंगा देवीची जत्राही याच अष्टमीच्या सुमाराची. काही गावे अक्षय तृतीया धरतात. देव एकच असला, तरी दोन गावांचा दिवस एकच असेल असे नाही.

आता तारखांचा घोळ. चैत्र पौर्णिमा २०२३ मध्ये ६ एप्रिलला होती, २०२४ मध्ये २३ एप्रिलला, २०२५ मध्ये १२ एप्रिलला आणि २०२६ मध्ये २ एप्रिलला. २०२७ मध्ये ती २० एप्रिलला आहे. आकडे बारकाईने पाहिले तर त्यांत शिस्त दिसते: दोन वर्षे दहा-अकरा दिवस मागे, मग एकदम सतरा-अठरा दिवसांची उडी पुढे.

मागे सरकण्याचे कारण चंद्र. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस जातात. असे बारा महिने मिळून ३५४ दिवस होतात, म्हणजे सौर वर्षापेक्षा अकराएक दिवस कमी. हे असेच चालू दिले, तर चैत्रातली जत्रा सरकत सरकत थंडीत आणि पुढे पावसाळ्यात जाईल. तसे होऊ नये म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी पंचांगात एक महिना जादा घालतात, तो अधिक मास. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि पुढच्या वर्षीची चैत्र पौर्णिमा एप्रिलच्या शेवटाकडे गेली. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. २०२७ ची उडी त्यामुळेच.

यापुढचा गुंता खुद्द गावकऱ्यांतही वाद लावतो. तिथी आणि दिवस या दोन वेगळ्या गोष्टी. आकाशात सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी सरते. चंद्राचा वेग कमीजास्त होत असल्याने तिथी कधी २० तासांच्या आत आटोपते, तर कधी २६ तासांपर्यंत लांबते. सुरू होण्याची वेळही कोणतीही असते. २०२५ सालची चैत्र वद्य अष्टमी २० एप्रिलला संध्याकाळी सातच्या सुमारास लागली आणि २१ ला संध्याकाळी सातच्या सुमारास संपली. कॅलेंडरात तिथी छापतात ती सूर्योदयाच्या वेळची, म्हणजे २१ तारखेची. पण ज्यांना अष्टमी रात्री हवी, त्यांची अष्टमी २० तारखेलाच झाली. कॅलेंडर बघून २१ ला पोचलेल्या पाहुण्याला काही ठिकाणी फक्त कुस्त्या बघायला मिळत असतील, तर दोष कुणाचाच नाही.

चौकट: शोधायचे कसे?

*कॅलेंडरात चैत्र पौर्णिमा, चैत्र वद्य अष्टमी, अक्षय तृतीया आणि वैशाख पौर्णिमा या चार खुणा आधी करून ठेवाव्यात. अष्टमीच्या चौकटीत तिथी किती वाजता लागते आणि संपते, तेही वाचावे. मग फ्लेक्स बघावेत. शिरूर-न्हावरे-चौफुला रस्त्याने एक चक्कर मारली, तरी फाट्या-फाट्यावर जत्रांचे फ्लेक्स दिसतात. त्यात 'रात्री ९ वा. छबिना व शोभेचे दारूकाम' ही ओळ शोधायची. ती तमाशाच्या फडाचे नाव आणि वर्गणीदारांचे फोटो यांच्या मध्ये कुठेतरी बारीक अक्षरात असते. शेवटी देवळाच्या पुजाऱ्याला किंवा जत्रा कमिटीतल्या कुणाला तरी विचारून खात्री करावी. फ्लेक्सवरची ९ ची वेळ गावाच्या मानाने घ्यावी, मात्र जेवून निघावे.*

पौर्णिमेचे गाव की अष्टमीचे?

एकाच वर्षी दोन्हीपैकी एकच गाव गाठणे शक्य असेल, तर निव्वळ दारूकामासाठी अष्टमीचे गाव गाठावे. पौर्णिमेला सूर्य मावळतो आणि त्याच सुमाराला चंद्र उगवतो. रात्री नऊ-दहाला तो चांगला वर आलेला असतो, आकाश उजळ असते आणि बारीक ठिणग्या त्या उजेडात फिक्या पडतात. वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. छबिन्याच्या वेळी वर फक्त तारे असतात. लाल रंग लाल दिसतो आणि सोनेरी ठिणगी विझेपर्यंत डोळ्यांनी धरता येते.

अर्थात हल्ली देवळावर एवढ्या एलईडीच्या माळा असतात, की चंद्राला बोल लावण्यात तसा अर्थ नाही. दारूकामाच्या वेळी वायरमनला सांगून दहा मिनिटे दिवे बंद करणारी कमिटी असेल, तर ती शहाणी म्हणायची.

गोळ्याच्या पोटात

आकाशात जाऊन फुटणारा गोळा एकाच आगीवर चालत नाही. त्यात तीन कामे ठरलेल्या क्रमाने होतात.

पहिले काम वर जाण्याचे. जमिनीत पक्की रोवलेली, एका तोंडाने बंद असलेली नळी असते. तिच्या तळाशी काळी दारू असते: सोरा, कोळसा आणि गंधक, साधारण ७५, १५ आणि १० अशा प्रमाणात. कोळसा आणि गंधक जळतात, आणि जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन सोरा पुरवतो. म्हणूनच हे मिश्रण हवा नसलेल्या बंद नळीतही भडकते. क्षणात गरम वायू तयार होतो, त्याला बाहेर पडायला एकच वाट असते आणि त्या वाटेत गोळा बसलेला असतो. तो भिरकावला जातो. तीन इंच व्यासाचा गोळा साधारण ९० मीटर वर जातो. प्रेक्षकांना ऐकू येणारा पहिला 'धप्प' आवाज या टप्प्याचा.

दुसरे काम थांबण्याचे. नळीतल्या त्याच आगीने गोळ्याची वातही पेटलेली असते. ती ठरलेल्या गतीने जळत आत सरकते. कारागिराचे सगळे कसब या वातीच्या लांबीत असते. गोळा सर्वांत उंच पोचून क्षणभर थबकतो, त्याच वेळी आग पोटात पोचली पाहिजे. वात आखूड झाली तर गोळा वर जाता जाताच फुटतो, लांब झाली तर खाली येताना. हा दुसरा प्रकार जिवावर बेतणारा असतो.

तिसरे काम फुलण्याचे. शिरूर भागातल्या शेतकऱ्याला गोळ्याची रचना समजवायला डाळिंब फोडून दाखवावे: बाहेर जाड साल, आत दाटीने बसलेले दाणे. गोळ्यातले दाणे म्हणजे जळणाऱ्या मिश्रणाच्या गोळ्या. यांना दारूकामवाले तारे म्हणतात. मधोमध फोडणारी दारू असते. साल जितकी चिवट, तितका आतला दाब जास्त वेळ कोंडला जातो आणि तारे सगळीकडे सारख्या वेगाने उधळतात. त्यातून पुरा गोल फुलतो. गोलाचे वैशिष्ट्य असे, की तो देवळाच्या पायरीवरून बघा नाहीतर चार शेते सोडून बांधावरून, सारखाच वाटोळा दिसतो. पुढची जागा धरण्यासाठी चाललेली रेटारेटी त्यामुळे निदान या गोळ्यांपुरती फुकटची असते.

लाल कुठून येतो, निळा का येत नाही?

वरणाचे पाणी उतू जाऊन गॅसवर सांडले, की निळी ज्योत पिवळी होते, हे प्रत्येक घरात दिसते. ते मिठातले सोडियम. धातूचे अणू तापले की जादा ऊर्जा घेतात आणि ती प्रकाशाच्या रूपात परत टाकतात. कोणत्या रंगाचा प्रकाश टाकायचा, हे धातूच्या जातीवर ठरते. स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा, कॅल्शियमचा नारिंगी, तांब्याचा निळा. झगझगीत पांढरा अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमचा. कोळशाचे बारीक कण सावकाश जळत खाली येतात तेव्हा झावळ्यांसारखा सोनेरी पडदा लोंबतो. लोखंडाचा कीस घातला तर भुईनळ्यातून फुटणाऱ्या पिवळसर ठिणग्या मिळतात.

निळा रंग सर्वांत अवघड. तो देणारे तांब्याचे संयुग जास्त तापले की मोडते आणि कमी तापले तर रंग उमटतच नाही. जत्रेत निळा गोळा नितळ निळा दिसला, तर करणाऱ्याला दाद द्यावी. हिरव्याची कथा वेगळी आहे. फटाक्यांत बेरियमचे क्षार वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बंदी घातली, कारण त्यांचा धूर आरोग्याला घातक. ज्यांना 'हरित फटाके' म्हणतात, त्यांचा या हिरव्या रंगाशी संबंध नाही. धूर आणि धूळ कमी करणारी ती मिश्रणे नागपूरच्या 'नीरी' या संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली.

पर्वतीखालची लंका

हे भडक रंग तसे अलीकडचे. पोटॅशियम क्लोरेट हा सोऱ्यापेक्षा तिखट ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ एकोणिसाव्या शतकात दारूकामात आला आणि त्यानंतरच आकाशात खरा लाल-हिरवा दिसू लागला. त्याआधीची दारू मुख्यतः सोनेरी, नारिंगी आणि पांढरी.

पेशव्यांच्या बखरीतला एक प्रसंग या उजेडात वाचण्यासारखा आहे. महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीची हकीकत सांगतात. तिथले राजे गावाबाहेर 'दारूची लंका' उभारतात: मध्ये रावण, भोवती राक्षस आणि वानर, आणि दारू भरलेला मोठा हनुमान. त्याच्या शेपटीला बत्ती दिली की तो उडत जाऊन लंकेतली घरे पेटवतो. ऐकून पेशव्यांना हौस आली आणि पर्वतीच्या पायथ्याशी तसाच देखावा झाला. भांडारकर संस्थेतले संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातल्या दारूकामाचा इतिहास लिहिला. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तिकेत ही बखर येते. त्या लंकेत रंग फारसे नसणार. लोकांनी बघितली ती गोष्ट: शेपूट पेटणे, उडणे, घरे जळणे.

जुन्या जत्रांतही जमिनीवरच्या कामाला असाच मान होता. बांबूच्या चौकटीवर देवाचे नाव ओढायचे आणि बत्ती देताच अक्षरे पेटत जायची. झाड असायचे, धबधबा असायचा, काठीवर फिरणारे चक्र असायचे. चक्राच्या नळ्यांतून वायू एका बाजूला फेकला जातो, म्हणून चक्र उलट बाजूला फिरते. तासगाव तालुक्यातल्या कवठे एकंद या गावाने हा वारसा अजून जपला आहे. दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या पालखीपुढे तिथली मंडळे स्वतः केलेली औटे, भुईनळे, झाडे आणि लाकडी शिंगटे उडवतात. शिंगटे म्हणजे लाकूड पोखरून त्यात ठासून भरलेली दारू. या कौतुकाला काळी बाजूही आहे. दारू ठासताना तिथे स्फोट झाले आहेत, माणसे गेली आहेत.

शिरूर-दौंडकडच्या बहुतेक जत्रांत आता शिवकाशीचे 'शॉट' आले. पुठ्ठ्याच्या एका खोक्यात बारीक नळ्या ओळीने चिकटवलेल्या असतात, एकच वात सगळ्यांतून फिरते. कोपऱ्यावर काडी लावायची आणि लांब उभे राहायचे. चालवायला सोपे आणि हाताने दारू ठासण्यापेक्षा धोका कमी, हे मान्य. पण त्यामुळे मांडवगणचे आकाश आणि यवतचे आकाश सारखेच दिसू लागले. आपल्या देवाचे नाव पेटत्या अक्षरांत वाचण्याची गंमत खोक्यात मिळत नाही.

आधी दिसते, मग ऐकू येते

भीमेच्या एका काठाला शिरूर तालुका, दुसऱ्या काठाला दौंड. मुलूख बराचसा सपाट, डोंगर आड येत नाहीत. अष्टमीच्या रात्री गच्चीवर उभे राहिले, तर क्षितिजावर दोन-तीन ठिकाणी मुठीएवढी फुले उमलताना दिसतात, ती मात्र मुक्याने. आवाज मागून येतो, किंवा येतच नाही.

प्रकाश तत्क्षणी पोचतो. आवाज उन्हाळ्याच्या रात्री सेकंदाला सुमारे ३४५ मीटर चालतो, म्हणजे एक किलोमीटरला साधारण तीन सेकंद. फूल दिसल्यापासून धमाका ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे आणि तीनने भागायचे, की गाव किती किलोमीटरवर आहे ते कळते. बारा सेकंद लागले तर चार किलोमीटर. मोटारसायकल काढायला हरकत नाही. पंधरा किलोमीटरवरच्या गावाचा आवाज पाऊण मिनिटाने येईल, तोही वारा आपल्या बाजूचा असेल आणि मध्ये कुणाचा डीजे नसेल तर.

उभे कुठे राहायचे?

उन्हाळ्यात संध्याकाळचा वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. प्रेक्षकांनी त्याला पाठ करून, म्हणजे दारूकामाच्या पश्चिमेला उभे राहावे. धूर आणि जळके पुठ्ठे पलीकडे जातात. पलीकडे काय आहे, हे कमिटीने आधी बघायचे असते. चैत्र-वैशाखात कडब्याच्या गंजी उभ्या असतात, उसाचे पाचट वाळलेले असते, आणि या दोन तालुक्यांत उसाला तोटा नाही. एक जिवंत ठिणगी पाचटात पडली तर एकराने हिशोब होतो. परदेशात तळ्याकाठी दारू उडवतात त्यामागे हाही विचार असतो: पडेल ते पाण्यात पडेल.

गर्दीचे भान त्याहून मोठे. केरळमध्ये परवूरच्या पुट्टिंगल मंदिरात १० एप्रिल २०१६ च्या पहाटे साठवलेल्या दारूला आग लागली आणि शंभरावर माणसे गेली. जत्राच होती. दारूचा साठा प्रेक्षकांपासून आणि उडवण्याच्या जागेपासून वेगळा ठेवायचा, तो याचसाठी. आवाजाच्या फटाक्यांना रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, त्यामुळे नऊचा छबिना अकराला निघाला तर कमिटीची अडचण होते. शिरूरच्या पश्चिमेला मोराची चिंचोली आहे, तिकडच्या मोरांना तर कोणतीच वेळ सोयीची नाही. उलट उसातला बिबट्या हटावा म्हणून त्याच तालुक्यात शेतकरी मुद्दाम फटाके वाजवतात.

वळवाच्या पावसाचेही सांगता येत नाही. दुपारी चारला आभाळ भरून आले, की मांडलेल्या नळ्यांवर ताडपत्री पडते. भिजलेली वात अर्ध्यात विझते आणि गोळा नळीतच राहतो. न उडालेल्या नळीत लगेच डोकवायचे नाही. वात आत धुमसत असू शकते. बराच वेळ थांबून, लांबून भरपूर पाणी ओतायचे आणि मगच हात लावायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे तमाशाची हजेरी रंगते आणि दुपारी त्याच मैदानात कुस्त्यांचा आखाडा भरतो. मधल्या वेळात गावातली बारकी पोरे रात्रीची नळकांडी आणि न फुटलेले दाणे गोळा करत फिरतात, घरी नेऊन पेटवून बघायला. मामाच्या गावी आलेली पोरे त्यांच्यात सामील व्हायला एका पायावर तयार असतात. कमिटीने दोन माणसे बादली घेऊन उजाडताच मैदानात पाठवावीत, पोरे उठायच्या आत.